देशी मासे मोठ्या टाकीत जगवायचे तर : मत्स्यालयात नवीन लागलेल्यांसाठी

मत्स्यालयात नवीन लागलेली पोरं पहिल्याच आठवड्यात हमखास एक वाक्य बोलतात, "सर हे तर आपल्याच नदीतले मासे, ह्यांना काय होतंय, टेन्शन त्या परदेशी डिस्कस न ॲरोवानाचं." आणि मग दोन महिन्यांनी तीच पोरं सकाळी सात वाजता मेलेली खडस जाळ्यात घेऊन उभी असतात. हसत नाहीये मी, मीपण असाच उभा राहिलोय.

कारण अगदी साधं आहे. डिस्कस फार्मवर जन्मलेला असतो, त्याच्या आज्यापणज्यासुद्धा काचेतच वाढल्या, पॅलेट म्हणजे तयार गोळी-खाद्य खायची सवय, माणूस दिसला की पुढे येतो. आपली खडस, मळ्या, वाम, मरळ हे मासे बहुतेक वेळा सरळ नदीतून किंवा धरणातून येतात, अंगावर गोचिडीसारख्या उवा, पोटात जंत, पॅलेट म्हणजे काय माहीत नाही आणि भिंत नावाची गोष्ट आयुष्यात बघितलेली नाही. "देशी म्हणजे काटक" हे नदीत खरं असेल, ५० हजार लिटरच्या टाकीत नाही. म्हणून खालचं सगळं लिहितोय. क्रम शक्यतो पाळा, मधलं काही गाळून पुढे गेलात की ते नंतर वसूल होतं.

आधी नदी ठरवा, मग मासे

"देशी मासे ठेवू" हे अर्धंच वाक्य झालं. कुठले देशी? रोहू, कटला, मृगळ आपल्या बाजारात रोज दिसतात पण ते मुळात उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडे बीज आणून तळ्यात-धरणात सोडलेले. आणि चिलापी तर भारतातलीच नाही, उजनीच्या चिलापीचं कितीही नाव असलं तरी ती आफ्रिकेची. त्यामुळे टाकीवर "कृष्णेचे मासे" असा बोर्ड लावणार असाल तर टाकीत पण कृष्णेचेच हवेत, लोक वाचतात आणि तेच खरं धरतात.

हा नुसता शुद्धपणाचा हट्ट नाहीये. आपली खडस म्हणजे महासीरचीच एक जात, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, तिचं बीज लोणावळ्याच्या हॅचरीतून कावेरीत पण गेलं, हेतू चांगलाच होता, पण तिथे कावेरीची स्वतःची कुबडवाली महासीर होती, खुद्री तिथे जोरात वाढली आणि कुबडवाली कमी कमी होत गेली. ती कुबडवाली म्हणजे टॉर रेमादेवी हे पक्कं झालं २०१८ ला आणि त्याच वर्षी ती आययूसीएन ह्या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या सगळ्यात वरच्या धोक्याच्या यादीत गेली. म्हणजे एका नदीचा देशी मासा दुसऱ्या नदीत परकाच असतो.

जाता जाता एक गंमत. १८३० च्या दशकात कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची नोंद केली तेव्हा त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली, म्हणून शास्त्रीय नावात आजही खुद्री, कोलूस, मुल्या दिसतात. खुद्रीचा नमुना तर पुण्याजवळच्या मुळा-मुठेतलाच. पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना टाकीसमोरून हलवावं लागतं.

आता कोण कोणाबरोबर. वाहत्या पाण्याची टाकी करायची असेल तर खडस, बार्ब, दांडवण्यासारखे वरच्या थरातले छोटे मासे आणि दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या असा संसार बरा चालतो. पट्टेवाला झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, तो कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातला, फार देखणा, पण धोक्यातल्या यादीत आहे, त्यामुळे कुठून आला ह्याचे कागद असल्याशिवाय हात लावू नका. मरळ आणि शिवडा ह्यांना वेगळी टाकी द्या, विषय संपला. "लहान आहे अजून, टाकू इथेच" असं म्हणून टाकलेला शिवडा सहा महिन्यात टाकीतली गर्दी कमी करून दाखवतो. वाम ठेवणार असाल तर तळाला मऊ बारीक वाळू पाहिजे, ती त्यात घुसून बसते, टोकदार खडी असेल तर तिचं नाक सोलवटतं आणि तिथूनच इन्फेक्शन सुरू होतं. काळुंदर हा मासा कोकण-गोव्याच्या खाडीचा, मचूळ पाण्याचा, त्याला घाटातल्या मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्याच्या टाकीत ढकलू नका.

परवानगीचं पण ह्याच टप्प्यावर बघा. नदीतून मासे पकडायचे तर मत्स्य विभागाचं आणि जंगलाचा भाग असेल तर वन विभागाचं लेखी पत्र हातात पाहिजे. आणि वाळण कोंड किंवा तिळसे अशा ठिकाणचे देवाचे मासे ह्या विषयात कल्पनासुद्धा करू नका, तिथले लोक त्यांना पिढ्यानपिढ्या जपतायत. बघायला मात्र नक्की जा, खडस मोकळी असताना कशी पोहते ते एकदा डोळ्यात बसलं की टाकीतली आजारी खडस लांबून कळते.

टाकी : दगड, प्रवाह, झाकण

डेकोरेशन करणारा माणूस आणि मासे सांभाळणारा माणूस ह्यांची पहिल्या दिवसापासून ओळख करून द्या नाहीतर पुढे भांडण ठरलेलं. मी एका ठिकाणी बघितलंय, सिमेंटचा भारी धबधबा केलेला, खोटे खडक, खोटी मुळं, फोटोत एक नंबर, आणि पाणी भरल्यावर पीएच ९ च्या वर गेला तो महिनाभर खाली येईना. ताजं सिमेंट पाण्यात चुना सोडत राहतं. एकतर सिमेंटला आधी भरपूर दिवस पाण्यात मुरवा, ते पाणी पुन्हा पुन्हा बदला, आणि वरून मत्स्यालयात चालणारं इपॉक्सी कोटिंग मारा, किंवा सरळ आपला काळा दगड आणि नदीतले गोटे वापरा. काळा पाषाण पाण्याशी फारसं काही करत नाही. पांढरे-पिवळसर दगड किंवा शिंपल्याचा चुरा आणला असेल तर त्यावर थोडं ॲसिड टाकून बघा, फेस आला की बाहेर.

फिल्टरेशनमध्ये मोठ्या टाकीला साधारण तासा-दोन तासात सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. सँड फिल्टर घाण पकडतो, बायोफिल्टर अमोनिया खातो, ही दोन वेगळी कामं आहेत आणि सँड फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं, वेळेवर नाही केलं तर त्यात अडकलेली घाण तिथेच कुजून ऑक्सिजन पिते. यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा दिवा, असेल तर चांगलंच, पण त्याचा दिवा पेटलेला दिसतो म्हणजे काम करतोय असं नसतं, दिवा वर्षभरात थकतो, तारीख लिहून ठेवा.

प्रवाह हा आपल्या माशांसाठी लाड नाही, गरज आहे. खडस प्रवाहाकडे तोंड करून उभी राहणारी मासळी, साचलेल्या पाण्यात ती गोल गोल फिरते, अंगावर चरबी चढते आणि मग एक दिवस काचेवर आपटते. एका बाजूने जोराचं पाणी द्या आणि दुसऱ्या बाजूला दगडाच्या आडोशाला शांत जागा ठेवा, कुठे थांबायचं ते तिचं ती ठरवेल. मागची भिंत गडद ठेवा. निळी भिंत फोटोत छान दिसते पण मासे फिके पडतात आणि घाबरून राहतात.

झाकण. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कोणीतरी विसरतं. मरळ उडी मारते, खडस उडी मारते आणि वाम तर पाइपच्या भोकातून, केबलच्या फटीतून जिथून करंगळी जाईल तिथून जाते. जाळीचं झाकण पाहिजे आणि मरळीच्या टाकीत पाण्याच्या वर हवेची मोकळी जागा पण पाहिजे, कारण ती वर येऊन हवा घेते, नुसत्या पाण्यातल्या ऑक्सिजनवर तिचं भागत नाही. टाकी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलं तर मरळ पाण्यात बुडून मरते, ऐकायला विचित्र वाटतं पण असंच आहे.

पाणी

इथे घाई करणारा माणूस दोनदा खर्च करतो.

पहिलं क्लोरीन. नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असणारच, आणि माशाच्या कल्ल्यांना लिटरला शंभरावा-दोनशेवा भाग मिलिग्रॅमसुद्धा त्रास देऊ शकतो. सोडियम थायोसल्फेट वापरा, १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम, म्हणजे १० हजार लिटर पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ३५ ग्रॅम, थोडं जास्तच टाका. आणि महत्त्वाचं म्हणजे जून-जुलैत पाणी गढूळ झालं की पाणीपुरवठावाले टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वाढवतात, तुम्हाला कोणी फोन करून सांगत नाही. उन्हाळ्यात बसवलेला हिशोब पावसाळ्यात चालत नाही, प्रत्येक भरणीला किट लावून मोजायचं. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनची कटकट नाही पण ते जड असतं, नायट्रेट असतं, आणि जमिनीतून आल्या आल्या त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, आधी साठवण टाकीत रात्रभर हवा मारा.

दुसरं सायकलिंग. मासा अमोनिया सोडतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विष, तिसरं त्यामानाने निवांत. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. मासे टाकून सायकल करू नका, नवसागर वापरा, तोच कल्हईवाल्याचा, फक्त लॅबच्या दर्जाचा घ्या. हजार लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास टाकलं की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत जातो. रोज मोजा. टाकलेला अमोनिया एका दिवसात शून्य होतोय आणि नायट्राइट पण शून्य आहे असं सलग काही दिवस दिसलं की टाकी तयार. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असते आणि साहेब म्हणतात "चार दिवसात मासे टाका", तेव्हा काय करायचं? लेखी द्या. मी गंभीरपणे सांगतोय, ईमेल करा की सायकल पूर्ण नाही. मासे मेल्यावर सगळ्यांची आठवण कमजोर होते.

अमोनियाचा आकडा पीएचशिवाय वाचू नका. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच ५ टक्क्यांच्या वर, आणि ९ ला तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. म्हणून सिमेंटचा धबधबा आणि नवीन टाकी हे कॉम्बिनेशन जीवघेणं.

उलटी भानगड जुन्या टाकीत होते. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मऊ, त्यात क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारी ताकद, कमी, आणि बायोफिल्टरचे जिवाणू काम करताना ती क्षारता खात राहतात. वर्षभर सगळं छान चालतं आणि मग पीएच हळूहळू ७, साडेसहा, सहा आणि एक दिवस धाडकन खाली, जिवाणू झोपतात, अमोनिया चढतो. आठवड्याला एकदा क्षारता मोजा, लिटरला ६० मिलिग्रॅमच्या खाली जायला लागली की खायचा सोडा द्या. ५० हजार लिटरला २० ने वाढवायची तर १ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास लागतो, बादलीत विरघळवून दोन-तीन दिवसात वाटून द्यायचा, एकदम ओतायचा नाही. आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदललं तर ही वेळ सहसा येतच नाही, पण पाणी बदलणं कंटाळवाणं काम असल्यामुळे तेच पहिलं टळतं.

तापमान २२ ते २७ मध्ये राहिलं तर बहुतेकांना चालतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मावतच नाही, समुद्रसपाटीला २० अंशाला लिटरला ९ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसात, आणि पुण्यासारख्या उंचीवर त्याहून कमी. खडस ६ च्या खाली कुरकुरायला लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारची रीडिंग घ्या आणि पहाटे पाचची पण घ्या, झाडं-शेवाळ असलेल्या टाकीत पहाटेचा आकडाच खरा.

मासे आणताना

प्रवासाआधी दीड-दोन दिवस उपाशी ठेवलेले पाहिजेत. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, थर्मोकोलचा खोका आणि प्रवास रात्रीचा. शिंगाळा किंवा शिवडा असेल तर काट्यांनी पिशवी फाटते, दुहेरी पिशवी आणि मध्ये कागद, किंवा सरळ झाकणाचा ड्रम.

पोचल्यावर सगळे करतात ती चूक म्हणजे पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसणं. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो, पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. म्हणून बंद पिशवी पाण्यावर तरंगवून तापमान जुळवा, मग उघडा, थोडं थोडं टाकीचं पाणी द्या पण रेंगाळू नका, पंधरा-वीस मिनिटात मासा बाहेर. पिशवीचं पाणी टाकीत नाही जायचं. लाइट बंद.

क्वारंटाइन

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. किमान ३० दिवस, नदीतला मासा असेल तर सहा आठवडे. "दिसायला तर ठणठणीत आहे" हे कारण चालत नाही. क्वारंटाइनची खोली वेगळी, जाळी वेगळी, बादल्या वेगळ्या, सायफनचा पाइप वेगळा, आणि जो माणूस तिथे हात घालतो त्याने त्या दिवशी मोठ्या टाकीचं काम आधी उरकायचं आणि मग इकडे यायचं, उलटं नाही. एफआरपीचा म्हणजे फायबरचा गोल टब सगळ्यात बरा, कोपरे नसतात म्हणून मासा नाक आपटत नाही.

पहिले तीन दिवस नुसतं बघा. चौथ्या दिवसापासून एखादा-दुसरा मासा हळूच पकडून तपासा, ओल्या हाताने, गाठी नसलेल्या जाळीने. काय बघायचं?

माशाची ऊ, आर्ग्युलस : रुपेरी चपटी टिकली, अंगावर सरकते. चिमट्याने काढा, बाकी डोस डॉक्टर ठरवतील. अँकर वर्म : खवल्यातून बाहेर आलेला दोरा, मुळाशी लाल. हे दोन डोळ्यांनी दिसतात म्हणून परवडले.

पांढरे ठिपके, इक : रवा शिंपडल्यासारखं. नवीन माणूस इथे फसतो, औषध टाकतो, चार दिवसात ठिपके जातात, तो खूश, औषध बंद, आणि आठवड्याने दुप्पट. कारण ठिपका असतो तोवर जंतू कातडीच्या आत, त्याला औषध पोचत नाही. तो गळून तळाला जातो, फुटतो, त्यातून शेकडो पिल्लं पोहत निघतात, मरतात ती तेव्हा. २५ अंशाला हा फेरा साधारण आठवड्याचा, थंड पाण्यात लांबतो, म्हणून ठिपके गेल्यावर सुद्धा उपचार चालू ठेवायचे, एकूण दोन-तीन आठवडे. जाडं मीठ लिटरला २-३ ग्रॅम चांगलं काम करतं. आता हिशोब करा, ५० हजार लिटरच्या टाकीला १०० ते १५० किलो मीठ, झाडं गेली, आणि ते खारं पाणी सोडायचं कुठे? क्वारंटाइनच्या २ हजार लिटरला ५ किलोत काम झालं असतं. एवढं एक गणित सांगितलं की क्वारंटाइनवरचे वाद बहुतेक वेळा मिटतात.

कल्ल्यातले फ्लूक, म्हणजे बारीक चपटे जंत : दिसत नाहीत. मासा दगडाला अंग घासतो, एक कल्ला मिटून श्वास घेतो. मायक्रोस्कोप लागतो, साधा कॉलेजचा चालतो, विकत घ्या. प्राझिक्वांटेलचा उपयोग होतो.

आणि ईयूएस, म्हणजे जखमांचा साथीचा रोग, आपल्या माशांचा जुना वैरी. लाल डाग, मग खोल जखम, कधीकधी हाडापर्यंत. भारतात १९८८ ला ईशान्येकडून शिरला आणि देशभर पसरला, मुळाशी ॲफॅनोमायसिस नावाची बुरशीसारखी चीज आहे आणि मरळ, बार्ब ह्यांना फार लवकर धरते. थंडीत, पाणी २० च्या आसपास असताना जोर करते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पकडलेली मरळ शक्यतो घेऊच नका, घेतलीत तर क्वारंटाइन लांबवा. भुवनेश्वरच्या सिफा संस्थेने ह्यासाठी सिफॅक्स नावाचं औषध काढलंय, ते तळ्यांसाठी जास्त वापरतात. टाकीत मोठ्या जखमेचा मासा आला तर आशा कमीच.

औषधाबद्दल दोन इशारे. खवले नसलेले किंवा बारीक खवल्यांचे मासे, म्हणजे लोच, शिंगाळा, शिवडा, वाम, ह्यांना तांबं आणि मॅलकाइट ग्रीन सोसत नाही, खवलेवाल्याचा डोस ह्यांना देऊ नका. आणि फॉर्मलिन वापरणार असाल तर बाटलीत तळाला पांढरा साका दिसला की ती फेकायची, शिवाय फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खातो, जोरात हवा चालू ठेवूनच द्यायचं. डोस माशांच्या डॉक्टरला विचारूनच, यूट्यूबला नाही.

क्वारंटाइनमध्येच खायला शिकवा. आधी जिवंत गांडूळ, कोळंबी, मग त्यात हळूहळू पॅलेट. मोठ्या टाकीत गेल्यावर शिकवणं अशक्य, तिथे दादा लोक आधीच बसलेले असतात.

खाणं

थोडक्यात सांगतो. सगळ्या माशांच्या वजनाच्या १ ते २ टक्के रोज, आठवड्यातून एक दिवस उपास. खडस सगळं खाते, फळं, शेवाळ, किडे, शिंपले, म्हणून नुसत्या पॅलेटवर ठेवू नका, उंबर मिळालं तर द्या, मजा बघा. मळ्याला दगडावरचं शेवाळ लागतं, सगळे दगड घासून चकाचक केलेत तर तो उपाशी मरतो आणि कारण कोणालाच कळत नाही. मरळ-शिवड्याला बाजारातले जिवंत चारामासे देऊ नका, त्यांच्याबरोबर क्वारंटाइनमध्ये घालवलेलं सगळं परत येतं, फ्रीझ केलेले द्या. आणि मुरमुरे, कणकेचे गोळे, ब्रेड, हे पुण्याईचं खाणं देवळाच्या डोहावर ठीक, इथे पाणी नासतं.

सकाळची फेरी

लाइट लावायच्या आधी, टॉर्चचा उजेड छताकडे मारून, पाच मिनिटं शांत उभं राहायचं. मोबाइल खिशात. हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि ह्याला कुठलंच मशीन लागत नाही.

कोण कुठे आहे? खडस कळपात असते, एकटी कोपऱ्यात असेल तर तिच्यावर नजर ठेवा. सगळे मासे वर येऊन तोंड उघडतायत म्हणजे ऑक्सिजन किंवा नायट्राइट, आधी हवा वाढवा मग किट शोधा. नायट्राइट निघालं तर थोडं मीठ टाका, त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. पंख अंगाला चिकटवून बसलेला, रंग काळवंडलेला, एका मिनिटात कल्ल्यांची उघडझाप रोजच्यापेक्षा जास्त, हे सगळं आजाराच्या कितीतरी आधी दिसतं. पण रोजची उघडझाप किती हे माहीत असेल तरच, म्हणून वही ठेवा. मासे मोजा. मोठ्या टाकीत मेलेला मासा दगडामागे अडकतो, दोन दिवस सापडत नाही आणि अमोनिया का वाढला म्हणून आपण फिल्टर उघडून बसतो.

कल्ल्यात, पंखात, डोळ्यात बारीक बुडबुडे दिसले तर ते इन्फेक्शन नाही, पंपाच्या सक्शन लाइनला कुठेतरी हवा लागतेय आणि ती दाबाने पाण्यात विरघळून माशाच्या रक्तात बुडबुडे करतेय. मी ह्याला चार दिवस ॲंटिबायोटिक देत बसलो होतो. शेवटी आमच्या प्लंबरने जॉइंटला साबणाचं पाणी लावून पाच मिनिटात आजार बरा केला.

लाइट एकदम फटकन लावू नका, आधी हॉलचे, मग टाकीचे मंद, मग पूर्ण. अंधारात झोपलेली आठ किलोची खडस दचकली तर ॲक्रिलिकवर डोकं फोडून घेते.

वीज आणि पब्लिक

जनरेटर आहे म्हणून निवांत राहू नका, आठवड्याला एकदा खरोखर मेन बंद करून बघा तो चालू होतो का. तोपर्यंत बॅटरीवरचे ब्लोअर आणि एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर. सँड फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर आतलं कुजकं पाणी आधी ड्रेनला सोडा, मग टाकीला जोडा.

पब्लिक काच वाजवणार. बोर्ड लावून काही होत नाही, काचेपासून हातभर अंतरावर रेलिंग लावलं तर होतं. उघड्या टाकीत लोक नाणी टाकतात, हात जोडून टाकतात, रागावता पण येत नाही, पण तांब्याच्या मिश्रधातूचं नाणं मऊ पाण्यात माशांना विष आहे, रोज संध्याकाळी काढायची. गणपतीत बाहेर ढोल-ताशा असेल तर त्या दिवशी खायला देऊ नका आणि लाइट मंद ठेवा, मासे कंप अंगाने ऐकतात.

मेला तर, आणि मोठा झाला तर

मेलेला मासा फ्रीझरमध्ये टाकू नका, पेशी फुटतात आणि डॉक्टरला काही कळत नाही. पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी तपासायला द्या. गरम पाण्यात पडून राहिलेल्याचे कल्ले तर तासातच बिघडतात, त्यापेक्षा मरायला टेकलेला मासा जास्त सांगून जातो. वहीत लिहा, वजन, लांबी, कल्ल्यांचा रंग, पोटात काय होतं.

आणि टाकीत न मावणारा मासा नदीत सोडायचा नाही, अगदी त्याच नदीतून आणलेला असला तरी. टाकीत तो परदेशी माशांच्या शेजारी, त्यांच्या जंतूंमध्ये राहिलाय. सकर फिश असाच कोणाच्या तरी घरच्या टाकीतून निघून आज उजनीच्या जाळ्यात येतोय आणि कोळ्यांची जाळी फाडतोय. त्यामुळे शिवड्याचं बोटाएवढं पिल्लू घ्यायच्या आधीच दोन-तीन मोठ्या मत्स्यालयांना फोन करून विचारा की हा चार फुटाचा झाल्यावर तुम्ही घ्याल का. कोणीच हो म्हटलं नाही तर ते पिल्लू घेऊ नका.